बर्फ फोडणारे काका

साउथहॅम्प्टनला ज्यांच्या घरी मी तीन वर्षं भाड्यानं राहिले, ते काका फिनलंडमध्ये शिकलेले होते. हे मला त्यांनी दार उघडल्यावर पहिल्या मिनिटातच कळलं. माझ्या हातात दोन बॅगा, प्रवासानं पाय सुजलेले, आणि समोर हा उंच, सडसडीत, टक्कल पडलेला माणूस म्हणतोय, "बूट बाहेर." मी म्हटलं, "काढतेच आहे. आमच्या सांगलीतही बाहेरच काढतात." तर म्हणाले, "तुम्ही देवासाठी काढता. फिनलंडमध्ये जमिनीसाठी काढतात." एवढं बोलून जे गप्प झाले ते थेट जेवण होईपर्यंत. मला वाटलं, झालं, पहिल्याच दिवशी घरमालकाला दुखावलं. काकू पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "नाही गं, खुशीत आहेत. रागावले असते तर बोलले असते."

ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलं होतं. मी स्कॉलरशिपवर पीएच.डी.ला आले होते, विषय होता रेल्वेच्या रुळांचा आवाज. आवाजावर संशोधन करणारी मुलगी आणि बोलणं म्हणजे पाप समजणारा घरमालक, अशी आमची जोडी जमली. काकू तिथल्या हॉस्पिटलात भूल देणाऱ्या डॉक्टर होत्या. घराच्या दारावर 'डॉ.' अशी पाटी होती ती काकूंची. पोस्टमन, प्लंबर, कौन्सिलचा माणूस, जो येईल तो काकांनाच "गुड मॉर्निंग, डॉक्टर" म्हणायचा. काका दर वेळी शांतपणे सांगायचे, "नॉट येट."

हे 'नॉट येट' काय प्रकरण आहे ते मला दुसऱ्याच आठवड्यात कळलं. म्हणजे न विचारता सांगितलं गेलं. काका तरुणपणी हेलसिंकीला गेले ते जहाजांचं शास्त्र शिकायला. त्यातही त्यांचा विषय म्हणजे समुद्रावरचा बर्फ फोडत जाणारी जहाजं. नाकाचा कोन किती असला म्हणजे किती जाड बर्फ फुटतो, यावर त्यांनी तिथे सहा वर्षं घालवली. प्रबंध होत आला होता. "एकच प्रकरण राहिलं होतं," काका म्हणाले. इतक्यात मिरजेहून काकूंना इंग्लंडात नोकरी लागली. बायको परदेशात एकटी कशी राहणार? तेव्हा काका प्रबंध तिथेच सोडून साउथहॅम्प्टनला आले, आणि ते प्रकरण राहिलं ते राहिलंच. आता ते श्रीमंतांच्या यॉट बांधणाऱ्या एका वर्कशॉपात नकाशे काढायचे. बर्फाचा एवढा अभ्यास केलेला माणूस दिवसभर कसले नकाशे काढतो, तर डेकवर शॅम्पेनची बादली कुठे ठेवायची त्याचे.

ही गोष्ट ते दर नव्या माणसाला सांगायचे. एरवी महिन्याला पन्नास वाक्यं बोलणारा माणूस, पण या गोष्टीत एक शब्द इकडचा तिकडे होत नसे. आणि ही गोष्ट सुरू झाली की काकू उठून आत जायच्या.

एकदा मटार सोलताना त्या मला म्हणाल्या, "माझ्यामुळे राहिलं गं ह्यांचं. मी ती नोकरी घेतली नसती तर आज हे तिकडे प्रोफेसर असते." ते त्यांनी मनाला फार लावून घेतलं होतं. शनिवार-रविवारच्या ड्यूट्या मागून घ्यायच्या, का तर घर रिकामं असलं की ह्यांना लिहायला निवांतपणा मिळेल. घरातलं एक काम काकांना सांगत नसत. गवत कापायचं मशीनसुद्धा हॉस्पिटलातून दमून आल्यावर काकूच चालवायच्या. मी एकदा न राहवून म्हटलं, "काका घरीच आहेत ना?" तर मलाच दटावलं, "त्यांची लिहायची वेळ आहे." मी वर जाऊन पाहिलं. काका खिडकीत बसून कॉफी पीत होते आणि समोरच्या झाडाकडे बघत होते. कागद कोरा होता.

गप्प बसण्याबद्दल सांगायलाच हवं. जन्मानं पुण्याचा माणूस, आणि गप्प! पुण्याच्या माणसाला गप्प बसायला शिकायचं तर फिनलंडपर्यंत जावं लागतं, एवढं तरी त्यावरून सिद्ध होतं. काकांचं म्हणणं असं की तिथे दोन माणसं एका बाकावर तासभर न बोलता बसली तर त्यांची मैत्री झाली असं धरतात. मी तोंडाळ, माझी जीभ म्हणजे सुटलेलं वासरू. सकाळी नाश्त्याला मी हवा, बस, माझा गाईड, इंग्लिश ब्रेड अशा सगळ्यांचा समाचार घ्यायची आणि काका कॉफीच्या कपातून माझ्याकडे असे बघायचे की जणू रुळावरून मालगाडी चालली आहे आणि संपेपर्यंत फाटकाशी थांबणं भाग आहे. संपली की म्हणायचे, "तुझ्या प्रबंधाला बाहेर जायची गरजच नाही."

दुसरं वेड पाव तासाचं. फिनलंडच्या विद्यापीठात म्हणे दहाचं लेक्चर सव्वादहाला सुरू होतं, तसा रिवाजच आहे, आणि त्याला अकॅडेमिक पाव तास म्हणतात. काकांनी तो घराला लावला होता. जेवण आठला म्हणजे सव्वाआठला, सिनेमा सहाचा म्हणजे सव्वासहाला निघायचं. काकूंनी तेवढ्यासाठी सगळी घड्याळं पाव तास पुढे करून ठेवली होती. मी म्हटलं, "काका, आमच्या सांगलीत तर अर्ध्या तासाचा रिवाज आहे, फक्त त्याला विद्यापीठाची मान्यता नाही." हा माझा विनोद त्यांना आवडला असावा, कारण त्या दिवशी त्यांनी मला दुसरा कप कॉफी स्वतः ओतून दिली.

मागच्या बागेत शेड होतं. इतरांच्या शेडमध्ये खुरपी आणि जुन्या सायकली असतात, काकांच्या शेडमध्ये सौना होता, म्हणजे फिनिश लोकांची वाफ घ्यायची खोली. स्वतःच्या हातानं फळ्या ठोकलेल्या, वर एक बाक, खाली एक बाक, कोपऱ्यात विजेचा हीटर आणि त्यावर दगड. दगडांवर पाणी टाकलं की वाफेचा असा लोट यायचा की श्वास नाकातच अडकावा. एका दिवाळीला काकांच्या डोक्यात आलं की नरकचतुर्दशीचं अभ्यंगस्नान आणि सौना यांत तत्त्वतः काही फरक नाही. तिथल्या महाराष्ट्र मंडळातल्या पुरुषांना पहाटे सहाचं, म्हणजे सव्वासहाचं, आमंत्रण गेलं. आठ-दहा जण टॉवेल गुंडाळून, तेल चोपडून, उटण्याची पुडी हातात घेऊन थंडीत कुडकुडत रांगेत उभे. शेजारची इंग्लिश म्हातारी पडद्याआडून बघत होती. तिची त्या दिवसापासून हिंदू धर्माबद्दल काय समजूत झाली कोण जाणे.

बेसिंगस्टोकहून परचुरे आले होते. हे कम्प्युटर कंपनीत होते आणि मंडळाचे सेक्रेटरी होते. काकांवर त्यांचा फार दिवसांचा दात. पाठीमागे सगळ्यांना सांगायचे, "फिनलंड वगैरे सगळी बंडल आहे हो. हा गृहस्थ डोव्हरच्या खाडीपलीकडे गेलेला नाही. पीएच.डी. राहिली म्हणे! राहिलेली पीएच.डी. काय, माझीही आहे." तर हे परचुरे सौनात शिरले आणि मुद्दाम वरच्या बाकावर जाऊन बसले. काका म्हणाले, "खाली बसा." परचुरे म्हणाले, "आम्ही मे महिन्यात नागपूरला असतो." काकांनी दगडांवर एक डाव पाणी घातलं. परचुरे बसून राहिले. काकांनी दुसरा डाव घातला. तिसऱ्या डावाला परचुऱ्यांनी कुठल्याशा स्तोत्राची एक ओळ म्हटली आणि ते हळूहळू डावीकडे कलले. चौघांनी उचलून गवतावर आणून ठेवलं. काकू हाउसकोटात धावत आल्या, नाडी बघितली, पाय वर करायला लावले. परचुऱ्यांनी डोळे उघडले तेव्हा काका शेजारी बसले होते. त्यांनी परचुऱ्यांना एवढंच सांगितलं, "फिनलंडमध्ये लहान मुलं खालच्या बाकावर बसतात. काही कमीपणा नाही."

माझ्यावर त्यांची माया होती, ती त्यांच्या पद्धतीनं. व्हिसा वाढवायला मला क्रॉयडनला जावं लागायचं. पहिल्या खेपेला काका म्हणाले, "मी येतो." मला वाटलं, आधार होईल. पहाटेची गाडी पकडून गेलो, चार तास रांगेत बसलो. चार तासांत काका एक शब्द बोलले नाहीत. शेवटी आमचा नंबर आला. काउंटरमागच्या बाईंनी विचारलं, प्रबंध पुरा व्हायला किती वेळ लागेल? मी म्हटलं, दीड वर्ष. तेवढ्यात माझ्या खांद्यावरून काका पुढे वाकून म्हणाले, "मॅडम, एक वर्ष द्या. दीड दिलंत तर ही दीड लावेल."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाई हसल्या आणि त्यांनी खरंच एका वर्षाचा शिक्का मारला. परतीच्या गाडीत मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. काका खिडकीबाहेर बघत होते. बेसिंगस्टोक मागे पडलं तेव्हा म्हणाले, "मुदत नसली की माणूस सडतो गं." आणि इतकं बोलून त्यांनी डोळे मिटून घेतले. मी तेव्हा रागात होते, मला ते नुसतं शहाणपण वाटलं.

मी प्रबंध अकरा महिन्यांत संपवला, ही गोष्ट वेगळी.

पण त्याच्या आधी, त्या हिवाळ्यात, फिनलंडहून पत्र आलं. काकांच्या जुन्या प्रोफेसरांचं. मजकूर दोन ओळींचा. "मी मे महिन्यात निवृत्त होतो आहे. तुझा प्रबंध आणायचा असेल तर आण." चौदा वर्षांनी लिहिलेल्या पत्रात तब्येत नाही, हवापाणी नाही, काही नाही. काकूंनी ते पत्र देवापुढे ठेवलं. रडल्या. म्हणाल्या, "देवानं माझ्या डोक्यावरचं ओझं उतरवलं." प्रोफेसर गेले की नवा माणूस असा जुना विद्यार्थी घेणार नव्हता, ते सरळ होतं. मे महिना हा शेवटचा. काकूंनी काकांचं उरलेलं प्रकरण संपावं म्हणून आणखी दोन रविवार हॉस्पिटलात घालवले. तीन आठवड्यांनी काकांनी जाहीर केलं की प्रकरण झालं.

फिनलंडमध्ये पीएच.डी.ची परीक्षा बंद खोलीत होत नाही. भर सभेत होते. कुणीही येऊन बसावं. उमेदवार काळ्या कपड्यात उभा. समोर बाहेरून बोलावलेला एक विद्वान, त्याला ओपोनंट म्हणतात, म्हणजे उघडच विरोधक, आणि त्याचं काम प्रबंधाची चिरफाड करणं. मधे एक कस्टॉस, म्हणजे सभेचा राखणदार. काकांनी ठरवलं की जाण्याआधी घरात एकदा रंगीत तालीम करायची. तारीख ठरली फेब्रुवारीतल्या एका रविवारची, दुपारी दोनची, म्हणजे सव्वादोनची. कस्टॉस झाली मेधा, त्यांची तिथेच जन्मलेली तेरा वर्षांची मुलगी, कारण घरात सगळ्यांना गप्प करायची ताकद तिच्यातच होती. प्रेक्षक म्हणून काकू, परचुरे आणि परचुऱ्यांच्या सौभाग्यवती. आणि ओपोनंट मी.

"दया दाखवायची नाही," काकांनी मला बजावलं. "ते दोन तास तू माझी भाडेकरू नाहीस. मी तुझा काका नाही. कच्चं दिसलं की तोडायचं." मी म्हटलं, त्याची काळजीच करू नका. क्रॉयडनचा राग अजून पोटात होताच. प्रबंधाचं टाइप केलेलं बाड त्यांनी मला दिलं. मी तीन आठवडे रोज रात्रीचं जेवण झालं की पेन्सिल घेऊन बसायची. आणि सांगायला हवं की काम पहिल्या प्रतीचं होतं. मला जहाजांतलं फारसं कळत नाही, पण नीट केलेलं मोजमाप कळतं. हा माणूस खरा होता, परचुरे काहीही म्हणोत.

रविवारी हॉलमधला सोफा भिंतीला लावला. ओपोनंटच्या टेबलावर काळी उंच टोपी ठेवायची पद्धत असते म्हणे. ती कुठून आणणार? काकूंचा डाळीचा स्टीलचा डबा ठेवला. काका काळ्या सुटात, मेधा शाळेच्या ब्लेझरमध्ये, मी माझ्या एकुलत्या एक काठापदराच्या साडीत. काकांनी वीस मिनिटं उभ्यानं बर्फाची माहिती सांगितली. परचुऱ्यांनी दोनदा जांभई दिली, मेधानं दोनदा डोळे वटारले. मग मी सुरू केलं.

कोनांबद्दल विचारलं, मोजमापांबद्दल विचारलं. काका अशी उत्तरं देत होते की मी बघत राहिले. आवाज भरदार, मान ताठ. या माणसाला बोलता येतं! मग मी संदर्भांवर आले. म्हटलं, "गेल्या सोळा वर्षांतला एकही संदर्भ तुमच्या यादीत नाही. हे कसं?"

काका म्हणाले, "बर्फ बदललाय का सोळा वर्षांत?"

परचुरे खो खो हसले. त्यांची बायको हसली. काकूसुद्धा हसल्या, कौतुकानं. आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, थांबा आता. तीन आठवडे मान मोडून वाचलंय मी.

"बर्फ राहू दे," मी म्हटलं. "प्रस्तावना सगळ्यात शेवटी लिहितात ना? तुमच्या प्रस्तावनेत लिहिलंय की सातही प्रकरणं पुरी झाल्यावर हे आभार मानतो आहे. तिच्याखाली तारीख सोळा वर्षांपूर्वीची आहे. आणि सातवं प्रकरण तर तुम्ही गेल्या महिन्यात संपवलंत. दोन्ही खरं कसं असेल?"

देवाशपथ सांगते, मला वाटलं होतं टायपिंगची चूक असणार. मला फक्त त्यांना एकदा अडखळलेलं बघायचं होतं. ते अडखळले. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. काकूंकडे बघितलं. मग म्हणाले, "तारखेची चूक असेल. दुरुस्त करतो." आणि घाईघाईनं पुढचं म्हणायला लागले. माझे प्रश्न अजून संपले नव्हते, पण त्यांनी मला गुंडाळलं आणि शेवटच्या विधीकडे वळले. तो विधी असा की ओपोनंटचं झालं की उमेदवारानं प्रेक्षकांकडे वळायचं आणि सगळ्यांना विचारायचं. काकांनी आधी फिनिशमध्ये म्हटलं आणि मग मराठीत, "ज्या कुणाला माझ्या प्रबंधाविरुद्ध काही आक्षेप असेल, त्यांनी कस्टॉसकडे बोलण्याची परवानगी मागावी, अशी माझी आदरपूर्वक विनंती आहे." मग आमच्याकडे वळून म्हणाले, "तिथे कुणी उठत नाही. पण विचारावं लागतं. आणि कुणी उठलंच तर उभं राहून खरं उत्तर द्यावं लागतं. चला, आता चहा."

"मेधा," काकू म्हणाल्या, "मला बोलायचंय."

मेधा म्हणाली, "आई, तू ऑब्जेक्शन घेते?"

"हो."

"ओके. बाबा, तू बसू नको. हे तुझा रूल आहे."

काकू उभ्या राहिल्या. हातात चहाचा ट्रे घ्यायला निघाल्या होत्या, तो तसाच राहिला. ऑपरेशनच्या आधी पेशंटला नाव-गाव विचारतात तसल्या आवाजात त्यांनी विचारलं, "ती तारीख बरोबर आहे की चूक?"

काकांनी हातातले कागद टेबलावर ठेवले. मग म्हणाले, "बरोबर आहे."

"सातही प्रकरणं तेव्हा झाली होती?"

"झाली होती."

"म्हणजे मला नोकरी लागली त्याच्या दोन वर्षं आधी."

"हो."

"मग मिरजेला मला दर महिन्याला तुमचं पत्र यायचं, एक प्रकरण राहिलंय म्हणून. ते कुठलं प्रकरण?"

परचुऱ्यांनी टेबलावरचं वर्तमानपत्र उचललं, ते बायकोनं त्यांच्या हातातून काढून घेतलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

"असं प्रकरण नव्हतं," काका म्हणाले. "टाइप करून झालं होतं. प्रोफेसर म्हणाले, तारीख ठरवू. त्याच महिन्यात मी दुसऱ्या एकाची परीक्षा बघायला गेलो. ओपोनंटनं त्याला तीन तास सोलला. सगळ्यांसमोर. तो उभा होता आणि त्याच्या हातातला कागद हलत होता. मला भीती वाटली. मी प्रोफेसरांना सांगितलं, एक प्रकरण राहिलंय. मग दर महिन्याला सांगत गेलो. तुलाही तेच लिहीत गेलो. मग तुला नोकरी लागली." ते थांबले. "खरं सांगू? मला हायसं वाटलं. कारण मिळालं. चांगलं कारण होतं. सगळ्यांना पटायचं."

"मलाही पटलं," काकू म्हणाल्या. "चौदा वर्षं पटलं."

मेधानं अगदी हळू विचारलं, "आई, तुझी समाधान झाला का?"

"नाही," काकू म्हणाल्या, माझ्यासमोरचा डाळीचा डबा उचलला आणि स्वयंपाकघरात गेल्या. चहा त्या दिवशी मी केला. कुणी प्यायला नाही.

नंतरचा आठवडा मी जन्मात विसरणार नाही. घरात असा शुकशुकाट की फिनलंड लाजेल. मी आपली चोरासारखी वावरत होते. तोंडाला आवर घालता येत नाही म्हणून आईनं लहानपणी किती धपाटे घातले होते, ते सगळे फुकट गेले. शेवटी मी बॅग भरली आणि काकूंना म्हटलं, "मी दुसरी खोली बघते." काकू कपड्यांच्या घड्या घालत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "ठेव ती बॅग. तू विचारलंस ते मी विचारायला हवं होतं. मला ओझंच आवडायला लागलं होतं गं. बघ ना, किती थोर वाटायचं मला." मला रडू फुटलं. त्यांना फुटलं नाही.

काकांनी मात्र जाहीर केलं की ते आता फिनलंडला जाणार नाहीत. कुठल्या तोंडानं जाणार, असं म्हणाले. काकू म्हणाल्या, "ठीक आहे. पण लोकांना आता कारण काय सांगणार?" दुसऱ्या दिवशी काकांनी मला विचारलं, तुझ्या विद्यापीठाच्या लायब्ररीत मला बसता येईल का? पुढचे सगळे शनिवार ते तिथे होते. सोळा वर्षांत बर्फाबद्दल लोकांनी बरंच काही शोधून ठेवलं होतं. शनिवारची ड्यूटी काकूंनी सोडून दिली आणि बागेतल्या खुर्चीत पाय पसरून मासिकं वाचायला सुरुवात केली. गवत वाढलं की त्या काकांना हाक मारायच्या. काका लायब्ररीतून येऊन मशीन चालवायचे, वाईट चालवायचे, वाफ्यातली डॅफोडिल्ससुद्धा कापून टाकली, पण काकू उठल्या नाहीत.

मे महिन्यात काकू रजा काढून काकांबरोबर हेलसिंकीला गेल्या. "मी पहिल्या रांगेत बसणार आहे," असं त्यांनी निघताना मला सांगितलं, आणि तो सूर त्या फेब्रुवारीतल्या रविवारचाच होता. भर सभेत, एवढ्या प्रोफेसरांसमोर, तो प्रश्न परत विचारायचाच होता काकांना, सुटका नव्हती. काकू उठल्या तर?

आठ दिवसांनी परतले. काका डॉक्टर झाले होते. पोस्टमन "गुड मॉर्निंग, डॉक्टर" म्हणाला तर काही न बोलता लाल झाले आणि पत्रं घेऊन आत आले. काकांकडून तिकडचं काही कळणं शक्यच नव्हतं, म्हणून मी स्वयंपाकघरात काकूंना गाठलं.

"काकू, त्यांनी प्रेक्षकांना विचारलं, तेव्हा तुम्ही उठलात?"

"उठणार होते," काकू म्हणाल्या. "पदर खोचून बसले होते. इंग्लिशमध्ये वाक्यं पाठ केली होती. विचारताना हे माझ्याकडेच बघत होते, आणि विचारून झाल्यावर गप्प उभे राहिले. तिथे दोन-चार सेकंद थांबतात म्हणे. ह्यांनी पुरं मिनिट काढलं. सगळे बघायला लागले. मला म्हणतायत, ऊठ. आणि हातातला कागद असा हलत होता." त्यांनी पोळी उलटली. "वीस वर्षं मी भूल देते गं. टेबलावर माणूस थरथरत असताना मी त्याला प्रश्न विचारत नाही. हात धरते. हात तर धरता येत नव्हता, म्हणून नुसती बसून राहिले."

मी डोळे पुसले. म्हटलं, "म्हणजे संपलं. माफ केलंत."

"संपलं कसं?" काकू म्हणाल्या. "घरी आल्यापासून रोज विचारते. चौदा वर्षं का खोटं बोललात? चहा झाला की विचारते."

"आणि काका?"

"रोज उठून उभे राहतात," काकू म्हणाल्या, "आणि उत्तर देतात."